दादांचा संगणक मूळपदावर येतो

माणसाने दिवाळीला पाहुणा म्हणून जावे, फराळाची तारीफ करावी, दुपारी झोपावे आणि भाऊबीज उरकून परत यावे. यजमानाच्या घरात काय बिघडले आहे याची चौकशी करू नये. हा नियम मी आजवर कसोशीने पाळत आलो. पंखा कुरकुरला तरी मी वर पाहत नाही, नळ गळत असला तरी मला ऐकू येत नाही. गेल्या दिवाळीत मात्र माझी बुद्धी फिरली आणि मी सख्ख्या थोरल्या भावाच्या संगणकाला हात घातला.

थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वडनेरला राहतात. वडनेर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. हे वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाट तालुक्यातले. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने बुटीबोरी, जांब, हिंगणघाट मागे टाकले की ते लागते. या रस्त्याला पूर्वी सात नंबर म्हणत. आता तो श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा चव्वेचाळीस नंबर झाला आहे. नंबर बदलला तरी रात्रभर घरघरत जाणाऱ्या मालमोटारी त्याच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन आणि तीत पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. पुण्यामुंबईच्या वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दिवाळीच्या सुमारास तिकडे वेचणी चालू असते. घरोघरी एखादी खोली कापसाने गच्च भरलेली असते, आणि ज्या घरी शेती नाही त्या घरीही रुईचे तंतू वाऱ्याबरोबर न बोलावता येतात. दादांची शेती आता वाट्याने दिलेली आहे; पण त्यांच्या वाट्याचा कापूस अजून पुढच्या खोलीतच पडतो, आणि त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांचा संगणक आहे.

दादा चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. २००४ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या गुरुजींनी कोणी प्लॉट घेतला, कोणी मुलीचे लग्न केले. दादांनी संगणक घेतला. गावात बराच काळ हसू झाले. पण त्यांचा हेतू एकच होता: वहिनींचे शब्द उतरवून घ्यायचे.

वहिनी शेतकऱ्याच्या घरातल्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण बोलायला लागल्या की गुरुजींनी वही काढावी असे बोलणे. शेताच्या बांधाला त्या धुरा म्हणत, शेतात जाणाऱ्या गाडीवाटेला पांदण. शेवटचा कापूस वेचून शेत रिकामे झाले की 'उलंगवाडी झाली' म्हणत. आणि एखादे काम संपता संपत नसले तर 'याची काही उलंगवाडी होत नाही जी' असेही म्हणत. मोसम उलटल्यावरही जे पीक उभे ठेवतात ते फरदड. उशिरापर्यंत बसून राहणाऱ्या पाहुण्यालाही वहिनी पाठीमागे फरदडच म्हणत. मी दोन वेळा स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. दादांनी असे अकराशेवर शब्द जमवले, प्रत्येकापुढे अर्थ, कोण कधी वापरते, आणि वहिनींच्या तोंडचे एक वाक्य. दादा याला 'बोलीकोश' म्हणत. वहिनी म्हणत, 'तुमचा कारखाना.'

वहिनींना जाऊन आता चार वर्षे झाली. कारखाना बंद पडला नाही. दादा रोज सकाळी चहा झाला की संगणक सुरू करतात आणि जुनी पाने वाचतात. नवीन शब्द फारसा पडत नाही, कारण शब्द देणारे माणूस राहिले नाही. तरी वाचतात.

गेल्या दिवाळीत मी पाहिले तर बटन दाबल्यापासून पडदा उजळून पहिले पान दिसेपर्यंत बावीस मिनिटे गेली. मी घड्याळ लावून बसलो होतो. मध्येच पंखा असा घोंघावे की पिठाची गिरणी सुरू आहे असे वाटावे. दादा शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "होते सुरू. त्याचंही वय झालं आता."

मी बँकेत तीस वर्षे काढली. शेवटची पंधरा संगणकासमोर. तेवढ्या आधारावर आमच्या कुटुंबात मी संगणकतज्ज्ञ समजला जातो. बारा वर्षांचा नातू, जो मला 'लहान आबाजी' म्हणतो, त्याने घाव वर्मी घातला. म्हणाला, "लहान आबाजी, फॅक्टरी रीसेट मारा ना! माझा मोबाइल मीच केला होता."

हा फॅक्टरी रीसेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणक कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्या पोटात एक यंत्रप्रणाली आणि दोनचार कामापुरते कार्यक्रम एवढेच असते. पुढे आपण त्यात दहा गोष्टी बसवतो, पाच काढतो, चार आपोआप येऊन बसतात, आणि संसार वाढतो. तो सगळा पसारा आवरून यंत्राला पहिल्या दिवसाच्या स्थितीत नेऊन ठेवणे, याचे नाव फॅक्टरी रीसेट. पूर्वी यासाठी तबकड्या जपून ठेवाव्या लागत. मग संगणक विकणारे चकतीच्याच एका कप्प्यात मूळ प्रत दडवून ठेवू लागले. सुरू होताना विशिष्ट कळ दाबली की ती वर येई, आणि ती कळ प्रत्येक कंपनीची निराळी. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून ही सोय प्रणालीतच आली, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये ती एका बटनावर आली. २०२० पासून तर मूळ प्रत इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेण्याचीही सोय झाली; मात्र त्यासाठी काही गिगाबाइट उतरवावे लागतात, आणि वडनेरच्या रेंजचा विचार करता तो नाद सोडलेला बरा.

बटन दाबले की यंत्र एक प्रश्न विचारते: तुमच्या फायली ठेवू, की सगळेच काढून टाकू? संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर सगळे काढावे, आणि वर 'सफाई करा' असेही सांगावे, म्हणजे चकतीवर नुसते पुसलेले राहत नाही, त्यावर पुन्हा गिरवले जाते. आपणच वापरणार असू तर फायली ठेवाव्यात. मी अर्थातच 'फायली ठेवा' निवडले. निवडताना दादांना दाखवलेही. "हे पाहा, येथे स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या शब्दांना धक्का लागणार नाही."

दादा म्हणाले, "लेखी आहे ना? मग हरकत नाही." सरकारी नोकरीतल्या माणसाचा लेखी गोष्टीवर फार विश्वास असतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी यंत्र रीसेटला लावले. टक्केवारीचे आकडे सरकू लागले. एकोणतीस टक्क्यांवर वीज गेली. यूपीएस टीं टीं करू लागले, सूनबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि सात मिनिटांनी वीज परत आली. संध्याकाळी पणत्या लागायच्या वेळी संगणक नव्या नवरीसारखा समोर उभा राहिला. सुरू व्हायला साडेतीन मिनिटे. फायली जागच्या जागी. पडद्यावर यंत्राने स्वतःहून एक यादी ठेवली होती: काढून टाकलेल्या कार्यक्रमांची. मी ती चष्मा सारखा करून वाचली. चौदा नावे होती. तेरा ओळखीची निघाली, एक नव्हते. मी म्हटले, असेल काही कचरा.

येथवर थांबलो असतो तरी निभावले असते. पण यशाने माणूस चेकाळतो. मला दिसले की जुनी यंत्रप्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या खोलीत बांधून ठेवलेली आहे आणि वीस गिगाबाइट जागा अडवून बसली आहे. नवे घर लखलखीत आणि माळ्यावर एवढी अडगळ? दिवाळी आहे! मी ती खोली रिकामी केली. मग लिब्रे ऑफिस हा फुकट मिळणारा लेखनाचा कार्यक्रम बसवला आणि चहा मागवला.

पाडव्याच्या सकाळी दादांनी नेहमीप्रमाणे संगणक सुरू केला, बोलीकोशाचे पहिले पान उघडले, आणि तसेच बसून राहिले. मी मागून जाऊन पाहिले. पानावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी एम, त्यामागे डॉलरची खूण, उलटा कंस, डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरे, मध्येच एखादे उद्गारचिन्ह. दुसरे पान तसेच. एकेचाळीस फायली, सगळ्या तशाच.

"फायली आहेत," मी म्हणालो. "एकही गेलेली नाही."

दादा म्हणाले, "हो, आहेत."

त्यापुढे ते दिवसभर त्या विषयावर बोलले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. जेवताना त्यांनी मला श्रीखंड आग्रहाने वाढले. सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती येथे वर्णन करण्याची गरज नाही. विवाहित वाचक ओळखतील. मला उमगले होते एवढेच की २०१६ साली नागपूरहून हा संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने त्यात मराठी लिहिण्याचा एक कार्यक्रम बसवून दिला होता, आणि यादीतले चौदावे नाव बहुधा त्याचेच. त्याची तबकडी कुठे आहे असे विचारल्यावर सूनबाई परसात घेऊन गेल्या. वालाच्या मांडवावर पाखरे हाकलायला सुतळीने टांगलेली तबकडी उन्हात चमकत होती. दोन पावसाळे खाल्लेली. पाखरे मांडवावरच बसली होती.

भाऊबीजेच्या सकाळी सूनबाई म्हणाल्या, "काकाजी, हिंगणघाटले पत्रिका छापणारे आहेत ना, त्यायले दाखवा. आमच्या लग्नाची पत्रिका त्यायनंच केली होती. जुनी अक्षरं त्यायच्यापाशी सगळी असतात." फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, त्या यादीचाही मोबाइलवर फोटो घेतला, आणि दादा नको नको म्हणत असता त्यांना घेऊन एस.टी.ने निघालो.

हिंगणघाट हे एके काळी कापसाचे मोठे नाव. येथल्या लांब धाग्याच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात भाव होता. आमचे काम ज्या दुकानात होते ते बाजारातल्या एका बोळात, दहा फूट रुंदीचे. भिंतीला लागून जुन्या खिळ्यांचे लाकडी खण, वर लग्नपत्रिकांचे नमुने, आणि मध्ये दोन संगणक. तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका छापायच्या म्हणून दुकान दिवाळीतही उघडे. मालक चाळिशीचे. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकाजी, काढलेल्या कार्यक्रमाची यादी असते पडद्यावर. पाह्यली काय?"

मी मुकाट्याने फोटो पुढे केला. त्यांनी चौदाव्या नावावर बोट ठेवले. "हा पाहा तुमचा मराठी. काहून घाबरून राहिले? काही गेलं नाही." त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, सगळा मजकूर निवडला, आणि वरच्या खिडकीतून अक्षरवळणाचे नाव बदलले. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच डॉलर, कंस, टोप्या सगळे विरून गेले आणि पडद्यावर उलंगवाडी, फरदड, धुरा, पांदण हारीने उभे राहिले. दादांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग त्यांनी खण उघडून दाखवला. हा छापखाना त्यांच्या वडिलांचा. म्हणाले, "आमचे कंपोझिटर खिळ्याकडे पाहत नव्हते. हात नेमका घरात जाये. 'क' कुठं, 'मा' कुठं, पाठ. पण त्यायले दुसऱ्या छापखान्यात उभं केलं, अन् तिथं घरं वेगळी लावली असली, तर? जुळवलेली ओळ वाचता येईन काय?"

माझ्या बँकेच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. संगणक मुळात इंग्रजीसाठी घडला. त्यात अक्षरांना २५६ घरे. मराठीसाठी निराळी घरे नव्हती, तेव्हा आपल्या हुशार लोकांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्याच घरात मराठी वळण ठेवले. यंत्राला वाटते आपण 'एम' लिहितो आहोत. अंगावर मराठी मुखवटा चढवला की माणसाला दिसतो 'म'. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशी अनेक नावे निघाली, आणि प्रत्येकाची घरे आपापली. पुस्तके, पत्रिका, निवडणुकीची पत्रके, सगळी मराठी छपाई त्या मुखवट्यांवर वर्षानुवर्षे चालली. उपकारच म्हणायचे. पण मुखवटा फाइलीच्या आत नसतो. तो यंत्रात असतो, आणि यंत्र मूळपदावर गेले की कारखान्याला तो ठाऊक नसतो. मी फायली ठेवल्या आणि त्या वाचण्याचे डोळे काढून टाकले. अडगळीच्या खोलीत ते डोळे काही दिवस शिल्लक होते. ती खोलीही मीच झाडून टाकली.

पाठोपाठ त्यांनी दुसरी गोष्ट विचारली. संगणक हळू चालतो म्हणून रीसेट केला, पण झाकण उघडून पाहिले काय? पाहिले नव्हते. (घरी आल्यावर पाहिले. पंख्याच्या पात्यांत आणि पाठीमागच्या जाळीत रुईचा असा बोळा बसला होता की त्याची निरांजनाची वात सहज झाली असती. वारा कोंडला की यंत्र तापते, आणि तापले की स्वतःला जपण्यासाठी आपली गती कमी करते. नातवाने जुन्या ब्रशने बोळा काढला. तेव्हापासून गिरणीचा आवाज बंद आहे. म्हणजे रीसेटची अर्धीअधिक गरज त्या बोळ्यातच होती.)

"आता हे असंच ठेवू नका," मालक म्हणाले. "युनिकोडमध्ये करून घ्या. मग कोणताही संगणक वाचते, मोबाइलही वाचते."

युनिकोडचे नाव वाचकांनी ऐकले असेल. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कायमचा एकेक क्रमांक द्यायचा, अशी ही योजना. तिच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीसाठी १२८ घरांचा वाडा राखलेला होता. त्याच वर्षी भारत सरकारनेही भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाणक कायम केले. त्यामागे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम होते. युनिकोडची देवनागरी त्याच परंपरेवर उभी आहे. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी कारखान्यातूनच येऊ लागली. तिच्यासाठी 'मंगल' नावाचे वळण ज्यांनी रेखले ते आपले र. कृ. जोशी, मराठी कवी आणि मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे प्राध्यापक. २००८ साली ते गेले. आजच्या विंडोजमध्ये बहुधा 'निर्मला' नावाचे दुसरे वळण दिसते. सांगायचा मुद्दा, आता यंत्राच्या मूळपदातच मराठी आहे. दादांनी २००४ साली सुरुवात केली तेव्हाही ती होती. पण दादांना, मला आणि दुकानदाराला कोणी सांगितले नव्हते. कळफलक जुना सवयीचा, आणि चालले आहे ते चालले.

रूपांतराचा कार्यक्रम मालकांकडे होता. एकेचाळीस फायली पाऊण तासात झाल्या. शिवाय दादांच्या आग्रहावरून त्यांनी जुन्या वळणातली सगळी पाने छापूनही दिली. पैसे देऊ केले तर कागदाचेच घेतले. म्हणाले, "शब्दाचे कशाचे पैसे घेता, काकाजी."

पण गोष्ट येथे संपत नाही. रात्री घरी रूपांतर झालेली पहिली फाइल उघडली, आणि दादांमधले गुरुजी जागे झाले. पहिल्याच ओळीत 'पऱ्हाटी' असायला हवे तेथे 'पर्हाटी' होते. रफार! कपाशीच्या डोक्यावर रफार! बिऱ्हाड, कुऱ्हाड, चऱ्हाट, तुऱ्हाटी, प्रत्यक्ष वऱ्हाड, सगळ्यांची तीच गत. हा आडवा, चंद्रकोरीसारखा 'र' हिंदीला लागत नाही, तो आपला. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या रूपांतरकाराला तो माहीत नसावा. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो आणि त्याचा पाय मोडावा लागतो. हे आम्हाला त्या रात्री सूनबाईंच्या मोबाइलवर शोधून कळले.

वेलांट्यांचीही कुठे कुठे गडबड होती. तिचे कारण मोठे मजेचे आहे. जुन्या पद्धतीत जशी लिहितो तशी साठवण: 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये जसे बोलतो तसे: आधी क, मग वेलांटी, आणि रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, पण नोंद होते त्या अक्षराच्या आधी, कारण 'सूर्य' म्हणताना र आधी येतो. दादांना हे इतके आवडले की त्यांनी नातवाला उठवून सांगितले. मग कपाटातून वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे एक जुने पुस्तक काढून आणले. १९३६ साली स्थापन झालेल्या या समितीच्या त्या काळच्या पुस्तकांत 'इ', 'ई' ऐवजी 'अि', 'अी' छापलेले दिसते. खिळे कमी लागावेत म्हणून अक्षरांनी यंत्रासाठी अंग चोरायचे, असा तो काळ. दादा म्हणाले, "तेव्हा अक्षरानं यंत्राचं ऐकलं. आता यंत्र उच्चाराचं ऐकून राहिलं. पोरांना शिकवायला पाहिजे होतं हे."

आमचा मुक्काम चार दिवसांनी वाढला. (वहिनी असत्या तर फरदड म्हणाल्या असत्या.) रोज सकाळी मी पडद्यावरचे वाचायचे, दादांनी छापील प्रतीवर पेन्सिल धरून ताडून पाहायचे, आणि चूक सापडली की नातवाने दुरुस्त करायची. ऱ्ह ची दुरुस्ती तो इतक्या चपळाईने करू लागला की तिसऱ्या दिवशी त्याने दादांना जुना कळफलक सोडून सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलक शिकवायला घेतला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दादा 'क' कुठे आहे ते शोधत होते आणि नातू हातावर पट्टी मारल्याची नक्कल करीत होता. प्रत्येक दिवसाचे काम झाले की त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक सूनबाईंच्या मोबाइलवर, आणि एक मला ईमेलने. ही कल्पना माझी. उशिरा सुचली, एवढेच.

शेवटच्या दिवशी एकेचाळिसावी फाइल निघाली. ही वहिनींनी स्वतः टाइप केलेली. एकदा दादा पेन्शनच्या कामाला वर्ध्याला गेले होते तेव्हा दुपारभर बसून, एका बोटाने, एक पान. पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात पूजा मांडतात तिची माहिती: काय काय न्यायचे, कोणी बसायचे, आधी काय करायचे. दादा त्यातल्या चुका सुधारायच्या म्हणत होते, ते राहूनच गेले होते.

मी मथळा वाचला: "सीतादई." आणि मीच म्हणालो, "ह गेला. रूपांतराची चूक. दही पाहिजे. सीतादही." नातवाने हात पुढे केला.

"थांब," दादा म्हणाले. त्यांनी छापील पान उजेडात धरले. जुन्या वळणात, हिंगणघाटच्या कागदावरही, 'सीतादई'च होते. खाली एका ओळीत 'पूजा' ह्रस्व होती, एकीत 'नैवेद्य'चा 'नैवद' झाला होता, आणि पूर्णविराम कुठेच नव्हता. यंत्राने त्या पानातले एक अक्षरही बिघडवले नव्हते. दादांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल खुणा केल्या. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"तशीच बोलायची ती," ते म्हणाले. "पुढचं वाच."